पिकलबॉलची गोडी लागते कशी?

जिमची वर्षाची फी भरून दोन महिन्यांत घरी बसलेली माणसं सोसायटीच्या पिकलबॉल कोर्टवर मात्र रोज हजर असतात. असं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. ‘डोपामिन’ हे हल्लीचं तयार उत्तर. त्याने काहीच उलगडत नाही. डोपामिन जिममध्येही असतंच.

आधी चेंडू पाहा. प्लॅस्टिकच्या या हलक्या चेंडूला 26 ते 40 भोकं असतात आणि हवेच्या अवरोधाने त्याचा वेग झपाट्याने उतरतो. सर्व्हिस खालून करायची. सर्व्हिस आणि तिचा परतावा, दोन्हींचा टप्पा पडू द्यायचा. जाळ्यालगतच्या 7 फुटांच्या ‘किचन’मध्ये उभं राहून चेंडू हवेतच मारायचा नाही. ताकदवान खेळाडूची हुकमी शस्त्रं अशी आधीच बोथट होतात. 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि मित्रांनी हा खेळ रचला, तो घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळता यावा म्हणूनच. नवशिक्यालाही लवकरच रॅली जमते.

हे ‘जमणं’ किती मोठं बळ आहे, ते मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या माकडांनी दाखवलं. विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी ऱ्हिसस माकडांना खिटी, आकडा, कडी असलेली यांत्रिक कोडी दिली. खाऊ नाही, शाबासकी नाही. तरी माकडं ती सोडवत राहिली, तरबेज झाली. खाऊचं आमिष आलं तेव्हा मात्र त्यांच्या कामात व्यत्यय आला! भूक-तहानेवर सगळी प्रेरणा बसवणाऱ्या त्या काळच्या मानसशास्त्राला हे पचणारं नव्हतं. 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हाइट यांनी या ‘जमण्या’च्या ओढीला सिद्धान्ताची बैठक दिली: आपल्या कृतीने परिसरात काही घडवता येणं, हीसुद्धा सजीवाची मूलभूत ओढ. पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी त्यात स्वायत्तता आणि आपलेपणा जोडला. आज नाव या दोघांचं होतं. व्हाइट तळटीपेत राहतात, याची मला खरंच खंत आहे.

आपलेपणाची सोय कोर्टच करतं. बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढ्या, 44 बाय 20 फुटांच्या जागेत चौघं बोलत खेळतात, डाव 11 गुणांत संपतो आणि जोड्या बदलतात.

खाऊने माकडांचं बिघडलं तसं बक्षिसाने माणसांचंही बिघडू शकतं, म्हणून नवख्यांसाठी लगेच बक्षिसांच्या स्पर्धा भरवण्याची घाई मला पटत नाही. त्यांच्यापुढे खेळातच पुढचं कोडं तयार असतं: थर्ड शॉट ड्रॉप. मागच्या रेषेवरून मारलेला चेंडू समोरच्यांच्या किचनमध्ये अलगद उतरवायचा. तो साधायला महिने लागतात आणि माणसं ते आनंदाने देतात.