वर्षाची बेगमी

चैत्राचे ऊन तापू लागले, की महाराष्ट्रातील पुष्कळ घरांच्या अंगणांत आणि गच्च्यांवर धान्य वाळत पडलेले दिसते. एका चटईवर गहू, दुसरीवर तूरडाळ, पलीकडे लाल मिरच्या. पाखरांना हाकलण्यासाठी घरातील एखादे मूल काठी घेऊन सावलीत बसलेले असते. वर्षभर पुरेल एवढे धान्य असे एकदाच घेऊन ठेवणे, यालाच बेगमी म्हणतात. हा नुसता जुना रिवाज नव्हे. त्यामागे हिशेब आहे.

तूर पौषाच्या सुमारास निघते, रबी ज्वारी माघ-फाल्गुनात आणि गहू तिच्या मागोमाग. पीक हाती येते तेव्हा शेतकऱ्याला देणी भागवायची असतात आणि माल साठवायला त्याच्यापाशी पुरेशी जागा नसते. सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो व भाव उतरतो. तोच गहू दिवाळीला विकणाऱ्या व्यापाऱ्याला मधल्या काळातील कोठाराचे भाडे, अडकलेल्या पैशाचे व्याज आणि झालेली नासाडी, हे सारे किमतीत मिळवावे लागते. बेगमी करणारे घर हे साठवणुकीचे काम स्वतः करते, आणि त्याची मजुरी त्याला बचतीच्या रूपाने मिळते. दर वर्षी भाव असेच चढतात, असे मात्र नाही.

पण काम नीट झाले नाही, तर मजुरी कसली? समजा, एका घराला वर्षाला २०० किलो गहू लागतो. हंगामात तो ३० रुपये किलोने घेतला, तर ६००० रुपये पडतात. पुढे भाव ३५ रुपये झाला, तर तेवढ्याच गव्हाला ७००० रुपये लागतील. म्हणजे बचत १००० रुपयांची. आता या गव्हातील ३० किलो किडीने खाल्ला आणि तेवढा ३५ रुपयांनी पुन्हा आणावा लागला, तर खर्च ७०५० रुपयांवर जातो. वर्षभर जागा अडली, कष्ट झाले, आणि वर ५० रुपये गेले!

ही नासाडी करणारा टोका नावाचा किडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. त्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि ते भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. दाणा वरून अगदी धड दिसतो; आत अळी त्यावर पोसत असते. म्हणूनच काळजीने निवडलेल्या गव्हातूनही महिना-दीड महिन्याने किडे बाहेर पडतात. निवडण्याने खडे जातात, अंडी जात नाहीत.

अंड्यांवर खरा उपाय उन्हाचा. कडक उन्हाने कीड मरते आणि दाण्यातील ओलावा कमी होतो. हा ओलावा शेकडा १२ हून खाली गेला, म्हणजे उरलेल्या किडीचीही वाढ मंदावते. अनुभवी गृहिणी दाणा दाताखाली धरते. तो कट्कन फुटला, की तो वाळला असे समजावे. मात्र तापलेले धान्य लगेच डब्यात भरू नये. झाकणाच्या आत वाफ साचून पाणी सुटते, आणि उन्हाने घालवलेला ओलावा परत येतो. कडुलिंबाचा पालाही पुरता सुकवूनच घालावा, तो याच कारणाने. कडधान्यांना एरंडेलाचा हात लावतात. तेलाच्या थरामुळे दाण्यांवरील अंड्यांना हवा मिळत नाही व ती फुटत नाहीत. पूर्वी धान्य कणग्यांत आणि जमिनीत खणलेल्या पेवांत ठेवीत. आता बहुधा पत्र्याच्या कोठ्या असतात. रवा आणि शेंगदाणे यांची बेगमी करण्यात शहाणपण नाही. रव्यात लवकर अळ्या होतात आणि दाणे खवट होतात.

एवढे करूनही एक अडचण उरतेच. सहा हजार रुपये एकदम आणायचे कोठून? ज्याला रोजची मजुरी रोज मिळते, तो तेल-साखर पुडीपुडीने विकत घेतो, आणि किलोचा हिशेब केला, तर श्रीमंतापेक्षा जास्त दाम मोजतो. एकट्याला न जमणारी घाऊक खरेदी अनेकांनी मिळून करणे, ही यातली वाट होय. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हीच वाट धरली. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो. कोणाला काय व किती हवे, याची यादी दर महिन्याला करून पैसे आगाऊ भरतात. संस्था सर्वांचा माल एकत्र खरेदी करते. तो एखाद्या सभासदाच्या घरी उतरतो आणि तेथेच सभासद आपापसांत वाटून घेतात. दुकानाचे भाडे नाही, मांडणीचा खर्च नाही. महिन्याचे पैसे आधी भरणेही ज्यांना जड जाते, अशा काही वस्त्यांत बायका आठवड्याला थोडेथोडे पैसे एकत्र ठेवतात. आणि फाल्गुन उलटला, की त्यांतील दोघीचौघी पिशव्या घेऊन बाजाराच्या गावी गहू पाहायला जातात.