बॉल कॉक बदलताना

वार्षिकांकासाठी मी संडासच्या टाकीवर लिहिणार आहे असे सांगितले तेव्हा संपादक मंडळातील एका मैत्रिणीने नाक मुरडले आणि दुसऱ्या मित्राने "निदान शौचकूप तरी म्हण" असा साहित्यिक सल्ला दिला. आम्ही पडलो कलाशाखेचे विद्यार्थी. वृत्ते आणि अलंकार यांपलीकडे आमची धाव जायची नाही, असा सर्वसाधारण समज. पण गेल्या उन्हाळ्यात पितळेच्या वीतभर तुकड्याने मला जेवढा अभ्यास करायला लावला तेवढा परीक्षेनेही लावला नव्हता. तो अभ्यास वाया जाऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही पेठेतील एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. सज्जाच्या टोकाला चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास. डोक्याच्या वर भिंतीला बिडाची टाकी, तिला साखळी. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी, तीही चौघांत सामाईक. पंप सकाळी एकदाच चालतो. एप्रिलपासून असे होऊ लागले की संध्याकाळी चारलाच गच्चीवरची टाकी कोरडी. मग नेहमीप्रमाणे कोण किती कपडे धुतो यावर वाद सुरू झाले. फ्लशची टाकी गळते हे कळल्यावर शेजाऱ्यांनी सरळ तोडगा काढला : टाकीचा नळच बंद करून टाकायचा आणि प्रत्येकाने बादली नेऊन वापरायची. तोडगा वाईट नव्हता, पण माझे आजोबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि भरलेली बादली त्यांना उचलत नाही. त्यांनी कोणालाच काही म्हटले नाही. दुपारचे पाणी पिणे तेवढे त्यांनी सोडून दिले. उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळपर्यंत तसाच, हे आईच्या लक्षात आले तेव्हा मी पान्हा शोधायला निघालो.

टाकीत पाणी घेणाऱ्या आणि ती भरली की आपोआप बंद होणाऱ्या नळाला आपल्याकडे बॉल कॉक म्हणतात. आत एक पोकळ चेंडू दांडीच्या टोकाला तरंगत असतो. पाणी चढले की चेंडू वर येतो, दांडीचे दुसरे टोक आतील दट्ट्या पुढे ढकलते, दट्ट्याच्या डोक्यावरचे रबरी वायसर पाणी येणाऱ्या बारीक छिद्राच्या कडेवर दाबले जाते आणि प्रवाह थांबतो. या कडेला बैठक म्हणतात. तरंगत्या वस्तूने पाण्याची पातळी राखण्याची ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने आपल्या जलघड्याळात ती वापरल्याचे मानले जाते. म्हणजे यंत्राने स्वतःवर नजर ठेवण्याचा जो प्रकार आज आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, त्याचा पूर्वज आमच्या सज्जाच्या टोकाला टपकत होता.

बॉल कॉक बदलण्यापूर्वी दोष त्याचाच आहे ना, हे पाहावे लागते. मी टाकीला येणारा नळ बंद केला, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी खडूने खूण केली आणि तासभर थांबलो. रेषा हलली नाही. म्हणजे खालची बाजू घट्ट होती. पाणी उतरले असते तर बॉल कॉक कितीही बदलून उपयोग नव्हता. आजकालच्या बुटक्या, बटनाच्या टाक्यांत हीच परीक्षा कपड्यांची नीळ टाकून करतात. बटन न दाबता भांड्यात निळे पाणी दिसले तर खालचे रबर गेलेले असते. आमच्याकडे नळ उघडताच पाणी रेषेच्या वर चढू लागले आणि मधल्या उभ्या नळीतून गुपचूप भांड्यात उतरू लागले. खरे तर जादा पाण्यासाठी बाजूला ओव्हरफ्लोची नळी असते. ते पाणी बाहेर सर्वांदेखत सांडते आणि तक्रार लगेच कळते. पण सज्जात पाणी पडते म्हणून कोणीतरी ती नळी पूर्वीच लाकडी गुट्टी मारून बंद केली होती. इशारा बंद केला आणि गळती चालू ठेवली!

गळती किती? चेंडू सुतळीने वर बांधून मी कॉकच्या तोंडाखाली भांडे धरले. चार मिनिटांत एक लिटर. धार सुतळीएवढी बारीक, पण तासाला पंधरा लिटर, दिवसाला तीनशेसाठ. शहरातील पाणीपुरवठ्याचे आराखडे माणशी रोज १३५ लिटर धरून करतात. म्हणजे अडीच माणसांहून अधिकाचे पाणी त्या धारेत जात होते. कपडे धुणाऱ्या काकू निर्दोष ठरल्या.

पहिला उपाय स्वस्त असतो आणि तोच आधी करावा. चेंडू काढून कानाशी हलवून पाहिला. आत पाणी शिरलेले असले तर तो जड होऊन बुडतो आणि कॉक मिटतच नाही. आमचा कोरडा होता. मग दट्ट्याची पिन काढून वायसर बदलले. दोन-चार रुपयांचे काम. आठ दिवस बरे चालले, पुन्हा धार. दुसऱ्यांदा उघडून बोट फिरवले तेव्हा बैठकीच्या कडेला नखाला लागेल अशी खाच सापडली. वर्षानुवर्षे बारीक फटीतून जोराने निघणाऱ्या पाण्याने पितळ कापले जाते. बैठक सुटी असती तर तेवढीच बदलता आली असती, पण आमच्या कॉकात ती अंगाबरोबरच ओतलेली होती. आता नवा घेणे आले.

येथे माझी चूक झाली. जुन्याचे आटे, लांबी, चेंडू सगळे मोजून कागदावर घेतले आणि दुकानातला सर्वांत जाड, सर्वांत चकचकीत कॉक आणला. बसला छान, गळती शून्य. पण साखळी ओढल्यावर टाकी भरायला बारा-तेरा मिनिटे! सकाळी चार बिऱ्हाडांची रांग, आणि दोन माणसांच्या मध्ये पाव तास. शेजाऱ्यांची बादली पुन्हा पुढे आली. कॉक घेऊन दुकानात गेलो. दुकानदारकाकांनी तो हातात फिरवला आणि विचारले, "वरचा मजला का?" मी हो म्हटले. "मग हाय प्रेशरचा कशाला नेलास बाळा? यातून पाणी उतरणार कसं?"

हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. बाहेरून जुळे भाऊ दिसणाऱ्या कॉकांची आतली छिद्रे वेगळी असतात. इंग्लंडमधून आलेल्या आडव्या दट्ट्याच्या जुन्या पद्धतीत जास्त दाबासाठी छिद्र एक अष्टमांश इंचाचे, मध्यमासाठी तीन सोळांश, कमी दाबासाठी पाव इंचाचे. आपल्या भारतीय मानकातही, आय. एस. १७०३ मध्ये, जास्त आणि कमी दाबाचे कॉक निराळे मानले आहेत. कारण साधे आहे. वायसरला जे पाणी रेटते त्याचा रेटा छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. व्यास दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट, रेटाही चौपट. दाब मोठा असेल तर मोठे छिद्र मिटवायला चेंडूची ताकद अपुरी पडते, म्हणून छिद्र बारीक ठेवतात. उलट दाब कमी असेल तर बारीक छिद्रातून पाणी येतच नाही. तिथे तेवढ्याच दाबाला चौपट पाणी देणारे मोठे छिद्र हवे.

आणि आमचा दाब किती? पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. गच्चीवरील टाकीतील पाणी आणि आमची फ्लशची टाकी यांत मी दोरी सोडून मोजले : जेमतेम पावणेदोन मीटर. म्हणजे एक किलोचा पाचवा हिस्साही नाही. फ्लशची टाकी उंचावर बसवण्याची जुनी पद्धत भांडे धुवायला फार चांगली, पण वरच्या मजल्यावर तीच कॉकच्या मुळावर येते, कारण ती गच्चीच्या अगदी जवळ जाते. याच इमारतीच्या तळमजल्यावर तोच चकचकीत कॉक उत्तम चालला असता.

प्लास्टिकचा नव्या धर्तीचा कॉक घ्यावा, असेही मला दोघा-तिघांनी सुचवले. त्यात दांडी नसते. उभ्या खांबावर पेल्यासारखा तरंगता भाग वर-खाली सरकतो, आणि आतली रबरी पातळ चकती खुद्द पाण्याच्याच दाबाने मिटते. आवाज कमी, टाकी झटपट भरते, चेंडू भिंतीला अडकण्याचा प्रश्न नाही. नवीन बुटक्या टाकीला मी डोळे मिटून हाच घेईन. पण चकती मिटायला काही किमान दाब लागतो आणि तो वेष्टनावर छापलेला असतो. आमच्या पावणेदोन मीटरांत तो बसेना. शिवाय यांतले बहुतेक तळातून पाणी घेणारे, आमच्या टाकीला भोक बाजूला. खांबाची उंचीही पाहावी लागते. एका प्रचलित प्रकारात ती ९ ते १४ इंचांपर्यंत बदलते, आणि बुटक्या जुन्या टाकीत नऊ इंचसुद्धा मावत नाहीत, मग झाकण बसत नाही.

आट्यांची एक गंमत सांगतो. कॉक 'अर्धा इंची' म्हणतात, पण त्याच्या आट्यांवर कुठेही पट्टी लावून अर्धा इंच सापडत नाही. बाहेरून ते सुमारे २१ मिलिमीटर भरतात. अर्धा इंच हे जुन्या लोखंडी नळाच्या पोकळीचे नाव, ते आट्यांना चिकटून राहिले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने प्रेमाने तिकडचा कॉक आणतो म्हटले. त्याला मी नको म्हणालो, कारण तिकडे टाकीच्या कॉकाचे आटे सात अष्टमांश इंचांचे, म्हणजे बावीस मिलिमीटरांच्या वर. आपल्या कनेक्शन पाइपची चकी त्यावर चढणार नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. कॉकचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर उघडले पाहिजे. आवाज होऊ नये म्हणून काही जण तोंडाला नळी जोडून ती पाण्यात बुडवतात. पुरवठा मध्येच बंद पडून नळात पोकळी झाली, आणि आपल्याकडे तो रोजच बंद पडतो, तर त्या नळीतून टाकीतले पाणी उलटे वर ओढले जाऊ शकते. त्याच नळावर स्वयंपाकघर असते. नव्या कॉकांवर यासाठी एक खूण असते, ती ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा निदान एक इंच वर राहावी अशी उंची ठेवतात.

शेवटी मी साधा पितळी, आडव्या दट्ट्याचा, कमी दाबाचा, सुट्या बैठकीचा कॉक घेतला. पूर्वी आट्यांवर सफेदा आणि सूत गुंडाळत, मी टेफ्लॉन टेप वापरली. चकी हाताने घट्ट करून मग पान्ह्याने थोडीच फिरवली. बीड सोसते, पण चिनी मातीच्या टाकीवर जोर केला तर टाकीच तडकते. दांडी किंचित खाली वाकवून पाण्याची रेषा ओव्हरफ्लोच्या बोटभर खाली आणली. आणि ती लाकडी गुट्टी काढून टाकली. यापुढे गळले तर सज्जात सांडू दे, सर्वांना दिसू दे.

टाकी आता चार मिनिटांत भरते. गच्चीवर रात्री नऊलाही पाणी असते. आजोबांना मी छिद्रांच्या मापांचे गणित ऐकवत होतो, तेव्हा त्यांनी ते अर्ध्यावर थांबवून "आधी तांब्या भरून आण" म्हटले. झिजलेला जुना कॉक मी मोडीत दिलेला नाही. बैठकीवरची खाच कोणाला पाहायची असेल तर त्याने खुशाल घरी यावे, तो माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवला आहे.