दाते बदलले म्हणून वेग वाढतो का?

इलेक्ट्रिक सायकल ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे पळत नाही अशी तक्रार केली की सल्ला ठरलेला असतो: पुढचे चेनव्हील मोठे टाका, नाहीतर मागचे फ्रीव्हील छोटे बसवा. साध्या सायकलवर हा सल्ला बराचसा खरा असल्यामुळे तो पटतोही लगेच. खर्च फार नाही, काम तासाभराचे, आणि गणित शाळेतल्या त्रैराशिकाइतके सोपे. पण मोटर लावलेल्या सायकलवर हे गणित अर्धवट ठरते. दाते बदलल्याने मोटरच्या वेगात बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही. पायांना मिळणारा फायदा मात्र खरा आहे, फक्त तो वेगळ्या प्रकारचा आहे. हा फरक न समजल्यामुळे लोक नको तिथे पैसे घालतात आणि त्यातून काही हाती लागले नाही की पुढच्या, जास्त धोक्याच्या फेरफारांकडे वळतात.

दात्यांचे गणित जुने आहे. सायकलला चेन नव्हती तेव्हा पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरणार. वेग हवा तर चाकच मोठे करायचे, आणि माणसाच्या छातीएवढ्या चाकाच्या त्या उंच, पाडणाऱ्या सायकली जन्माला आल्या त्या याच गरजेपोटी. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल आणली. तिच्यात चेन मागच्या चाकाला जोडलेली होती. दात्यांच्या प्रमाणामुळे लहान चाकाला मोठ्या चाकाचा पल्ला मिळाला आणि आजच्या सायकलीचा सांगाडा पक्का झाला. हे प्रमाण आजही तसेच काम करते. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर सायकल पाच मीटरांहून थोडी अधिक पुढे सरकते. मिनिटाला ६० फेरे मारणारा माणूस त्यावर ताशी साडेअठरा किलोमीटर गाठतो. मागचे १८ काढून १४ दात्यांचे बसवले, तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी २३.८ किलोमीटर. म्हणजे सुमारे २९ टक्के वाढ.

पण ही वाढ फुकटची नाही, आणि सगळा मुद्दा इथेच आहे. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो वजन, सपाट रस्ता, वारा नाही आणि स्वार ताठ बसलेला, असे धरून हिशेब केला तर साडेअठराच्या वेगाला साधारण ९० वॅट लागतात आणि २३.८ ला १५५ च्या आसपास. वेगात २९ टक्के वाढ आणि मेहनतीत सत्तर टक्क्यांहून जास्त! रोज सायकल चालवणारा सामान्य माणूस दीर्घकाळ ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. त्यापुढचे ६० वॅट दाते आणून देत नाहीत. दाते फक्त एवढे ठरवतात की तीच ताकद भरभर पण हलक्या फेऱ्यांत द्यायची की सावकाश पण जड फेऱ्यांत. वेग वाढला की हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. त्याच हिशेबात ताशी २५ ला सुमारे १७५ वॅट, ३२ ला ३२० आणि ४० ला ५८० वॅट लागतात. पंचविसावरून चाळिशीवर जायला शक्ती तिपटीहून जास्त लागते, हे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

आता मोटरकडे वळू. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती चाक थेट फिरवते आणि चेनशी तिचा काहीही संबंध नसतो. चेन आणि मोटर हे एकाच चाकावर राबणारे दोन स्वतंत्र मजूर आहेत. एकाच्या हातातले अवजार बदलले म्हणून दुसऱ्याचा वेग बदलत नाही. मोटरच्या वेगाला लगाम लागतो तो दोन ठिकाणी. पहिला मोटरमध्येच आहे. फिरताना ती स्वतः उलटा विद्युतदाब तयार करते, आणि तो बॅटरीच्या दाबाजवळ पोचला की आणखी प्रवाह आत शिरत नाही. हा वेग तारेचे वेढे आणि बॅटरीचे व्होल्ट ठरवतात. दुसरा लगाम कंट्रोलरचा. चाकाच्या फेऱ्या मोजून ठरलेल्या वेगाला तो मोटरची वीज तोडतो. चेनव्हीलचे दाते ४४ आहेत की ५२, हे या दोघांनाही कळत नाही.

मग दाते बदलल्यावर सायकल ‘मोकळी पळते’ असा अनुभव लोक सांगतात तो खोटा म्हणायचा का? मुळीच नाही. स्वस्त सायकलींमध्ये पायडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो, पाय किती जोर लावतो हे त्याला कळत नाही. मोटर चाकाला पंचविसाच्या वेगाने नेत असते आणि ४४-१८ च्या जोडीवर त्या वेगाला चेन ताणलेली राहण्यासाठी पायांनी मिनिटाला ८१ फेरे मारावे लागतात. साठ फेऱ्यांची सवय असलेल्या माणसाची चेन ढिलीच राहते. पाय हवेत फिरल्यासारखे फिरतात, चाकाला त्यांचा काडीचाही हातभार लागत नाही आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. पुढे ४८ आणि मागे १४ बसवले तर साठ फेऱ्यांत ताशी जवळजवळ २६ किलोमीटर होतात, म्हणजे पंचविसापर्यंत पाय खरोखर काम करतात. त्यांनी दिलेले ७० वॅट बॅटरीतून जात नाहीत. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासाच्या बॅटरीत २७० वॅट-तास ऊर्जा असते. पंचविसाच्या वेगाला लागणाऱ्या १७५ वॅटपैकी ७० पायांनी उचलले तर बॅटरीचा भार चाळीस टक्क्यांनी हलका होतो आणि तिचा पल्ला सुमारे दोन तृतीयांशाने लांबतो. दाते बदलण्याचे हे कारण मला पूर्ण मान्य आहे, आणि कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे.

मोटर पायडलच्या आसाजवळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मोटरची ताकदही चेनमधूनच जाते, त्यामुळे दात्यांचे प्रमाण तिलाही लागू होते. ४४ चे चेनव्हील काढून ५२ चे लावले तर मोटरच्या त्याच फेऱ्यांत चाक १८ टक्के जास्त फिरेल. पण चाकावरचा जोर १५ टक्क्यांनी घटेल, आणि वीज तोडणारा कंट्रोलर चाकाच्याच फेऱ्या मोजत असल्यामुळे पंचविसाची मर्यादा जागच्या जागी राहील. चढावर मोठे चेनव्हील ओढताना मोटर आपल्या सोयीच्या गतीपेक्षा हळू फिरते, जास्त प्रवाह घेते आणि तो प्रवाह चाकाऐवजी उष्णतेत जातो. अशा कित्येक मोटरींच्या पोटात नायलॉनचे एक दातेरी चाक असते. ते झिजले की आपण वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात. शिवाय मागे ११ दात्यांची छोटी चकती लावली तर तिच्यावर चेन तीव्र कोनात वाकते आणि ती जोडी लवकर झिजते. मोठ्या चेनव्हीलसाठी चेनच्या कड्याही वाढवाव्या लागतात.

यावर पहिला आक्षेप हा, की दाते नकोत तर कंट्रोलरची मर्यादाच काढून टाका किंवा जास्त व्होल्टची बॅटरी जोडा. याने वेग खरेच वाढतो, आणि म्हणूनच हा मार्ग जास्त घातक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत इलेक्ट्रिक सायकलीला नोंदणीतून सूट मिळते ती तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असली, ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत तुटत असली आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसले, तरच. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत चाचणी संस्था ते तपासतात. मर्यादा काढली की तीच सायकल कायद्याच्या नजरेत नोंदणी, विमा आणि परवाना लागणारे मोटार वाहन ठरते. अपघात झाला तर जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. नियम मोटरवर आहे, पायांवर नाही. पंचविसाच्या पुढे स्वतःच्या पायांनी जायला कुणाचीही आडकाठी नाही. म्हणून दाते बदलणे आणि कंट्रोलर उघडणे यांत मी स्पष्ट फरक करतो. कायदा बाजूला ठेवला तरी ब्रेकचा हिशेब उरतोच. मध्यम जोराने ब्रेक लावला आणि प्रतिक्रियेला एक सेकंद धरला, तर पंचविसावरून थांबायला सुमारे १२ मीटर लागतात, पस्तिसावरून १९. या सायकलींचे ब्रेक, टायर आणि फोर्क पंचविसाच्याच हिशेबाने निवडलेले असतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. बाकीची वाहने पन्नासने जात असताना पंचविसाने चालणारा सायकलस्वार सर्वांत असुरक्षित असतो, म्हणून थोडा वेग हवाच. ही भीती खरी आहे, पण ३२ चा वेग तिच्यावर इलाज नाही. मागून येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने तो स्वार तेवढाच हळू असतो, आणि स्वतःसमोरच्या खड्ड्यासाठी त्याला मिळणारा वेळ मात्र घटतो. वेळेची बचतही किरकोळ आहे. आठ किलोमीटरचे अंतर सलग पंचविसाने १९ मिनिटांत संपते, बत्तिसाने १५ मिनिटांत. मधले सिग्नल या चार मिनिटांतलाही मोठा वाटा खातात. स्वतंत्र सायकलमार्ग मागणे, आरसा लावणे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवणे यांनी या भीतीवर जास्त परिणामकारक उत्तर मिळते.

महाराष्ट्रातल्या शहरांत दाते बदलायचेच असतील तर बऱ्याच जणांनी उलट दिशेने बदलावेत, असे माझे मत आहे. तीन टक्के चढाच्या उड्डाणपुलावर शंभर किलो ओझे ताशी २० ने नेण्यासाठी जवळजवळ २७० वॅट लागतात. कात्रजच्या जुन्या घाटासारख्या चढावर वेग आणखी उतरतो. तिथे मागे २८ किंवा ३२ दात्यांची चकती असेल तर पाय चालत राहतात आणि त्यांच्या मदतीमुळे हबमधली मोटरही तितकी रखडून तापत नाही. बॅटरी संपल्यावर तर याची किंमत लगेच कळते. तेव्हा हाती उरते वीस-पंचवीस किलोची सायकल आणि जे काही दाते बसवले असतील ते. ४८-१४ ची एकच जोडी लावलेल्या माणसाला घराजवळच्या शेवटच्या चढावर उतरून सायकल ढकलत न्यावी लागते. म्हणून सात गिअरचे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्याचे १४ दाते सपाट रस्त्यावर पायांना कामाला लावतात आणि २८ दाते चढ पार करून देतात. दुकानात जाण्याआधी एकदा सपाट रस्त्यावर, मोटर चालू ठेवून, आपले पाय मिनिटाला किती फेरे मारतात ते घड्याळ लावून मोजावे. आकडा साठच्या आसपास आणि पाय मोकळे फिरत असतील तर मागची चकती लहान करावी. ऐंशीच्या आसपास असून पायाला चेनचा ताण जाणवत असेल तर आहेत ते दाते तसेच राहू द्यावेत.