इग्लू स्परवरील दगडी झोपडी

दक्षिण ध्रुवप्रदेशांत, रॉस बेटाच्या पूर्व टोंकाला केप क्रोझिअर हें भूशिर आहे. टेरर या मृत ज्वालामुखीचा उतार येथें समुद्रापाशीं संपतो आणि दक्षिणेकडून सरकत येणारा अफाट हिमस्तर त्याच्यावर येऊन रेलतो. त्या दाबानें बर्फाचे उंच कडे उभे राहतात व त्यांच्या पलीकडे, गोठलेल्या समुद्रावर, सम्राट पेंग्विन पक्ष्यांची वसाहत असते. या कड्यांवरील खडकाळ धार नकाशांत ‘इग्लू स्पर’ या नांवानें नोंदलेली आहे. हें नांव एका झोपडीवरून पडलें.

हा पक्षी ऐन हिवाळ्याच्या काळोखांत अंडें घालतो. पेंग्विन ही पक्ष्यांची अतिप्राचीन जात असावी व तिच्या गर्भांत सरपटणाऱ्या पूर्वजांच्या खुणा सांपडाव्यात, असा त्या काळीं तर्क होता. तो पडताळण्यासाठीं कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेंतील डॉ. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स व ॲप्स्ली चेरी-गॅरर्ड हे तिघे २७ जून १९११ रोजीं केप एव्हान्सहून निघाले. घसरगाड्या ओढीत ६० मैलांहून अधिक अंतर कापण्यास १९ दिवस लागले. वाटेंत तपमान शून्याखालीं सुमारें ६१ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलें.

धारेवर धोंड्यांची उणीव नव्हती. त्यांच्या भिंती रचून, घसरगाडीचें आढें करून, वर कॅनव्हासचें छप्पर ताणलें. वारा लागूं नये म्हणून जागा माथ्याखालीं, आडोशाला निवडली. घात झाला तो तेथेंच. माथा ओलांडून वेगानें जाणारा वारा आडोशाच्या बाजूस हवेचा दाब कमी करतो. त्यामुळें छप्पर खालीं दडपलें जाण्याऐवजीं वर ओढलें जातें. २३ जुलैच्या तुफानांत त्याच्या चिंध्या झाल्या. तंबू आधींच उडाला होता. तिघेहि झोंपण्याच्या पिशव्यांत पडून राहिले. अंगावर बर्फ सांचत होतें. वादळ ओसरल्यावर तंबू उताराखालीं सांपडला, म्हणून प्राण वाचले.

तीन अंडीं घेऊन ते १ ऑगस्टला परतले. पुढल्या वर्षीं ध्रुवाहून परततांना विल्सन व बॉवर्स स्कॉटसह मरण पावले. चेरी-गॅरर्डनें १९१३ सालीं अंडीं लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत पोंचविलीं. १९३४ सालच्या अहवालानें ज्ञानांत फारशी भर पडली नाहीं. मूळ तर्कहि तोंवर मागें पडला होता. पण तो खरा कीं खोटा, हें अंडीं हातीं आल्यावांचून ठरवितां येत नव्हतें.

१९५७ सालीं एडमंड हिलरी यांच्या तुकडीला झोपडीचे अवशेष सांपडले. अंटार्क्टिक करारान्वयें ते आतां संरक्षित ऐतिहासिक स्थळ आहे.