पाहणे आणि ओळखणे : आतड्यातल्या अमिबाचे उदाहरण

मागच्या वेळी आपण प्रत्यक्ष आणि अनुमान यांचा विचार केला. आज तोच प्रश्न घेऊन आपण पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊ. रिपोर्टवर 'अमिबा आढळला' असे लिहून येते आणि आपण गोळ्या सुरू करतो. पण लिहिणाऱ्याने नेमके पाहिले काय?

काचपट्टीवर सलाईनचा थेंब, त्यात कणभर शौच, वर कव्हरस्लिप. जिवंत अमिबा यात सरकताना दिसतो. मात्र पातळ शौचाचा नमुना अर्ध्या तासात पाहावा लागतो, नाहीतर त्याची हालचाल थांबते. दुसरा थेंब आयोडीनचा. त्यात कोष, म्हणजे सिस्ट, पिवळसर होतात आणि आतली केंद्रके मोजता येतात. रोगकारक एन्टअमिबा हिस्टोलिटिकाच्या पक्व कोषात चार, निरुपद्रवी कोलायमध्ये सहसा आठ. हार्टमनाय हा चार केंद्रकांचाच भाऊबंद, पण त्याचा कोष १० मायक्रॉनपेक्षा लहान. म्हणून मोजमापही हवे. शिवाय पू-पेशी अमिबासारख्या दिसून भल्याभल्यांना फसवतात.

खरी अडचण पुढेच आहे. १९२५ मध्ये एमिल ब्रंप्ट यांनी सांगितले, की हुबेहूब हिस्टोलिटिकासारखी, पण रोग न करणारी एक जात आहे : डिस्पार. फारसे कुणी मानले नाही. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी या दोन जाती वेगळ्या असल्याचे पुराव्यानिशी मांडले. चार केंद्रके दोघींतही! नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. जी खूण दोघांकडे आहे, तिने एकाची ओळख कशी पटणार? लाल रक्तपेशी गिळलेला अमिबा दिसला तर बहुधा हिस्टोलिटिका. एरवी प्रतिजन किंवा पीसीआर चाचणी लागते.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. डिस्पारला औषध लागत नाही. हिस्टोलिटिका यकृतात गळू करू शकते. आणि चुकून 'अमिबा' म्हटले, तर आतड्याचा खरा आजार मागे राहून जातो.

उलट बाजूही पाहू. 'काही आढळले नाही' म्हणजे 'नाही' का? मीमांसक सांगतात, वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसणे हा अभावाचा पुरावा. कोष रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. लॅबवाला कंटाळा करत नाही, तो मीमांसा पाळतो!

तेव्हा रिपोर्ट हातात आला, की डॉक्टरांना एवढेच विचारू : हे दिसले, की ठरवले? इथेच थांबू.