सनदेआधीची शाळा : रायपूरच्या व्यापारी वकिलीचा आढावा

शंभर किलो धान भरडलं की तांदूळ किती निघतो, हे रायपूरच्या वकिलाला ठाऊक असावं लागतं. शेतकऱ्याकडून आधारभूत किमतीला घेतलेलं धान मार्कफेड, म्हणजे राज्याचा सहकारी विपणन संघ, गिरणीवाल्याला भरडाईसाठी देतो. गिरणीवाला त्यापोटी बँक हमी ठेवतो आणि ठरलेल्या प्रमाणात तांदूळ सरकारी गोदामात जमा करतो. अरवा, म्हणजे न उकडलेला तांदूळ, शंभरामागे 67 किलो, उसना, म्हणजे आपला उकडा, 68 किलो. कधी धान ओलं निघतं, कणी जास्त पडते, गोदामाच्या दारात ट्रक चार दिवस उभा राहतो आणि मुदत टळते. मग हमी वटवण्याचं पत्र येतं आणि गिरणीवाला कागदांचं गाठोडं घेऊन कचहरी चौकाची वाट धरतो. तिथे ज्या वकिलाचा पहिला प्रश्न “अरवा की उसना?” असा असतो, त्याच्यापुढे तो गाठोडं सोडतो.

हा प्रश्न कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. तो विचारणारा माणूस सनद मिळण्याआधी कुठेतरी शिकून आलेला असतो: घरच्या आडतीवर, सनदी लेखापालाच्या हाताखाली किंवा एखाद्या बँकेच्या कर्जविभागात. व्यापारी वकिली करणाऱ्या कार्यालयांत माणसं कुठून येतात आणि येताना काय घेऊन येतात, याचा हा आढावा. त्यासाठी रायपूर निवडलं, कारण तांदूळ, पोलाद, कोळसा, सिमेंट आणि वीज यांचे व्यवहार या एका शहरात एकमेकांना भेटतात. शिवाय इथल्या वकिलीच्या मुळाशी मराठी माणसंही आहेत.

नावाखालच्या चार ओळी

आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 36व्या नियमाने ती मनाई केली आहे. 2008 मध्ये या नियमाला थोडी मोकळीक मिळाली. नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणीचा क्रमांक आणि तारीख, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देण्याची परवानगी आली. त्यामुळे कोणत्याही व्यापारी फर्मच्या वकिलांची ओळख वाचली, तर साधारण सारख्याच चार ओळी दिसतात. बीकॉम, एलएलबी, अमुक साली नोंदणी, करार आणि लवाद यांत विशेष काम.

नियमामागचा हेतू मला मान्य आहे. वकिली हा बाजारातला माल होऊ नये. पण या चार ओळींत माणसाची अर्धीच कहाणी मावते. अशिलाला हवा असतो तो उरलेला अर्धा भाग. तो शोधायला थोडं मागे जावं लागतं.

लाखेंचा धडा

1877 मध्ये कोलकात्याचे एक ॲटर्नी कामानिमित्त रायपूरला राहायला आले. त्यांचं नाव विश्वनाथ दत्त. त्यांच्या मागोमाग आलेला मुलगा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद, इथे सुमारे दोन वर्षं राहिला, म्हणून रायपूरकर ही हकिकत जपून ठेवतात. वकिलीच्या इतिहासात तिचा अर्थ वेगळा आहे. त्या काळी मोठ्या कामाचा जाणकार बाहेरून यायचा.

पुढच्या पिढीत चित्र पालटलं. वामनराव लाखे यांचा जन्म 1872 चा, रायपूरचाच. 1900 मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, त्याचे प्रकाशक लाखे होते. 1904 मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते रायपुरात वकिली करू लागले आणि 1913 मध्ये त्यांनी इथे सहकारी बँक उभी केली. पुढे 1945 मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भात गिरणी निघाली, तिच्यामागेही तेच होते. सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली आणि लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ म्हटलं. आज लाखेनगर चौकातून रोज हजारो लोक जातात.

कर्ज कसं बुडतं, तारण कसं अपुरं पडतं, सावकाराच्या वहीत व्याज कसं चढतं, हे लाखेंनी दाव्यांतून पाहिलं असणार. पाहिलेलं फायलीत बंद न करता त्यांनी त्यातून संस्था उभी केली. आजच्या भाषेत बँकिंगचे वकील, सहकाराचे वकील, कृषी-प्रक्रियेचे वकील अशी तीन वेगळी खाती पडतील. लाखेंच्या एका आयुष्यात ती तिन्ही होती.

त्यांच्या आसपासची माणसंही अशीच अनेकपदरी. पंडित रविशंकर शुक्ल वकील होण्याआधी शाळेत शिकवत. रायपुरात वकिली केलेला हा माणूस 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाचा पहिला मुख्यमंत्री झाला. ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी 1920 मध्ये राजनांदगावच्या कापड गिरणीतल्या मजुरांचा संप चालवला आणि पुढे विणकरांची सहकारी संस्था बांधली. गिरणी मालकाच्या हिशेबाची वही मजुराच्या बाजूने वाचणारा हा वकील होता.

नागपूर, जबलपूर, बिलासपूर

मुंबईतल्या व्यापारी वकिलीचा साचा वेगळा. तिथे उच्च न्यायालयाची मूळ शाखा होती, म्हणून सॉलिसिटर होते. क्रॉफर्ड बेली ही फर्म 1830 ची. अशा फर्ममध्ये उमेदवारी करायची, सॉलिसिटरची परीक्षा द्यायची आणि मग कराराचे मसुदे लिहायचे, ही वाट तिथे आजही आहे. रायपूर ज्या मध्य प्रांतात होतं, तिथे ती कधी नव्हती. 1879 च्या कायद्याखाली वकील, प्लीडर, मुखत्यार आणि महसुली कामाचे एजंट अशा पायऱ्या होत्या. मालगुजारीचा तंटा, वसुलीचा दावा आणि गहाणखत ही सगळी कामं एकाच माणसाकडे यायची. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने सगळ्यांना एका नावाखाली आणलं, पण एका माणसाने सगळं सांभाळायची सवय या भागात टिकून राहिली.

शिक्षणाची वाट नागपूरला जायची. तिथे 1923 मध्ये विद्यापीठ आणि 1925 मध्ये विधी महाविद्यालय झालं. मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी हायस्कुलातून 1922 मध्ये मॅट्रिक झाले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, केंब्रिजला गेले, लंडनहून बॅरिस्टर होऊन 1930 मध्ये नागपूरला वकिलीस उभे राहिले. विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवलंही. 1968 मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. रायपूरजवळचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ त्यांच्या नावाने 2003 मध्ये सुरू झालं, हे उचितच झालं.

अपिलाचं गाव मात्र बदलत राहिलं. 1936 पर्यंत नागपूरचं ज्युडिशियल कमिशनर कोर्ट, मग नागपूरचं उच्च न्यायालय, 1956 मध्ये जबलपूर आणि 1 नोव्हेंबर 2000 पासून बिलासपूर. राजधानी रायपूरला आली, उच्च न्यायालय आलं नाही. म्हणून रायपूरचा वकील कायम प्रवासातला वकील राहिला. राज्यं बदलली तसा नागपूरशी असलेला कोर्टाचा धागा तुटला. तात्यापारा आणि बूढापारा इथल्या जुन्या मराठी घरांना त्याची हळहळ अजून आहे.

आज कोण कुठून येतं

रायपूरच्या व्यापारी वकिलांत मला पाच वाटा दिसतात.

पहिली वाट जिल्हा न्यायालयाची. बीकॉम, मग तीन वर्षांचं एलएलबी, मग एखाद्या ज्येष्ठाच्या टेबलाशी दहा वर्षं. या माणसाला साक्ष कशी काढायची आणि मूळ कागद कुठे सापडेल, हे कळतं. गुढियारीच्या घाऊक बाजारात उधारी कच्च्या पर्चीवर चालते आणि पंडरीच्या कापडबाजारात शब्दावर, हे त्याला सांगावं लागत नाही. त्याच्या घरी बहुधा दुकान असतं.

दुसरी वाट राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. बंगळूरच्या विद्यापीठाने पाच वर्षांचा अभ्यासक्रम 1988 मध्ये सुरू केला आणि त्याच धर्तीवर रायपूरचं विद्यापीठ उभं राहिलं. इथली मुलं शंभर पानी करार न कंटाळता वाचतात. बरेच जण पदवी घेऊन दिल्ली-मुंबईला जातात. जी राहतात किंवा परत येतात, त्यांच्यामुळे इथल्या मसुद्यांची भाषा बदलली.

तिसरी वाट हिशेबाची. काही सनदी लेखापाल आणि कंपनी सचिव नंतर कायदा शिकतात, काही स्वतःचाच व्यवसाय करत न्यायासनापुढे उभे राहतात. आयकर कायद्याने लेखापालाला अपिलात उभं राहण्याचा हक्क दिला आहे आणि आयकर अपील न्यायाधिकरणाचं पीठ रायपुरातच आहे. कंपनी कायद्याच्या 432व्या कलमानुसार लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांना कंपनी न्यायाधिकरणापुढे बाजू मांडता येते. पण वकिलाला वकील नसलेल्या माणसाबरोबर भागीदारी करता येत नाही. त्यामुळे एका मजल्यावर दोन पाट्या दिसतात, एक वकिलांची आणि एक लेखापालांची. मधल्या दारातून फायली दिवसभर ये-जा करतात.

चौथी वाट नोकरीतून येते. कर खात्यातले निवृत्त अधिकारी, बँकेत वसुली पाहिलेले व्यवस्थापक, कारखान्यांचे विधी अधिकारी. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते, म्हणून ही माणसं उशिरा कोर्टात येतात. पण नोटीस लिहिणाऱ्या खुर्चीत ती स्वतः बसलेली असतात. त्या नोटिशीत काय राहून गेलंय, हे त्यांना पटकन दिसतं.

पाचवी वाट अभियंत्यांची. अजून अरुंद आहे, पण महत्त्वाची. सिलतरा आणि उरला इथल्या स्पंज आयर्न कारखान्यांचं गणित विजेवर चालतं. स्वतःच्या विजेची सवलत हवी, तर वापरणाऱ्यांची मालकी निदान 26 टक्के आणि वापर निदान 51 टक्के असावा लागतो. तो वर्षभराच्या मीटरच्या आकड्यांवरून मोजतात. वीज नियामक आयोगापुढे हे आकडे समजून बोलणारा माणूस आणि पाठ करून बोलणारा माणूस, यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

एका पोलाद कंपनीची गोष्ट

या वाटा एकत्र का याव्या लागतात, ते मोनेट इस्पातच्या प्रकरणात दिसलं. कंपनीचे कारखाने रायपूर आणि रायगडमध्ये, हे छत्तीसगडचं रायगड. 24 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 204 कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं आणि खाणींच्या भरवशावर उभे राहिलेले अनेक कारखाने उघडे पडले. 2016 मध्ये दिवाळखोरी संहिता आली. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने पहिली 12 मोठी थकीत खाती निवडली, त्यांत मोनेट होती. छत्तीसगड तेव्हा कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाखाली होतं, म्हणून रायपूरजवळच्या मंदिर हसौदच्या कारखान्याचं भवितव्य 2018 मध्ये मुंबईत ठरलं आणि कंपनी जेएसडब्ल्यू-एऑन यांच्याकडे गेली. आता दिवाळखोरीचं काम कटकच्या पीठाकडे जातं आणि बँकांची कर्जवसुली जबलपूरच्या न्यायाधिकरणात.

अशा प्रकरणात कोळसा पुरवणारा, ट्रकवाला आणि सुट्या भागांचा दुकानदार हेही देणेकरी कंपनीचे धनको असतात. त्यांना मुदतीत दाव्याचा अर्ज भरावा लागतो. बिलं, माल पोचल्याची पावती, खातेउतारा हे सगळं लावून. मुंबईची मोठी फर्म बँकांसाठी लढते. सिलतऱ्याच्या दुकानदाराचा अर्ज रायपूरच्या छोट्या कार्यालयात भरला जातो. तिथे एक ओळ चुकली, तर त्याचे पैसे बुडतात.

घरच्या घरी न्याय मिळावा म्हणून पावलंही पडली. 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यानंतर 2016 मध्ये नवा रायपूरमध्ये वाणिज्यिक न्यायालय सुरू झालं. आधी एक कोटीवरचे तंटे तिथे जात, 2018 पासून ही मर्यादा तीन लाखांवर आली. म्हणजे मध्यम व्यापारीही त्या दारात आला. तातडीचा दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. कैफियतीला जास्तीत जास्त 120 दिवस मिळतात, त्यानंतर हक्क जातो. तारखांवर तारखा घेणाऱ्या जुन्या वकिलीला हे जड गेलं. मध्यस्थीच्या टेबलाशी बाजार जाणणारा वकील लागतो, कारण तिथे कलमांपेक्षा पुढच्या हंगामाचा व्यवहार बोलतो.

सकाळचे साडेनऊ

अशा कार्यालयात सकाळी साडेनऊला जाऊन बसावं. मुन्शी तारखांची डायरी उघडून बसलेला असतो. त्याच्या बोटांना शाई आणि गोंद दोन्ही लागलेलं. वकीलपत्रावर तिकीट चिकटवता चिकटवता तो आलेल्या गिरणीवाल्याशी छत्तीसगढीत बोलतो, बोलता बोलता कागद लावतो: करार वेगळा, धान उचलल्याच्या पावत्या वेगळ्या, तांदूळ जमा केल्याच्या वेगळ्या. तारखेने लावलेल्या त्या तीन गठ्ठ्यांत एक पावती कमी आहे, हे आधी मुन्शीच्याच लक्षात येतं. आतल्या खोलीत विद्यापीठातून आलेली तरुणी त्याच कागदांवरून इंग्रजीत मसुदा करते. तिला हिंदी पावतीवरचा एक शेरा लागत नाही. ती बाहेर येऊन विचारते, “भैया, ये क्या लिखा है?” मुन्शी सांगतो. माझ्या मते, व्यापारी वकिली ती त्या क्षणी शिकते. मुन्शीचं नाव मात्र फर्मच्या पाटीवर कधी येत नाही.

पुढच्या पिढीसाठी

मला खरी काळजी आहे ती नवोदितांची. सनद मिळाल्यावरची पहिली तीन-चार वर्षं घरच्या आधारावर काढावी लागतात. ज्याच्या घरी दुकान किंवा शेती आहे तो टिकतो. ज्याच्या घरी नाही तो शिकवणीच्या वर्गाकडे किंवा नोकरीकडे वळतो. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने उमेदवारांना शहरात दरमहा निदान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. ज्येष्ठांनी ती आपणहून पाळावी, असं मी कळकळीने म्हणेन. बस्तरच्या किंवा जशपूरच्या घरातली मुलगी इथे टिकली, तर वनोपजाच्या व्यापारातले करार ती गावाच्या बाजूनेही वाचेल. तिचं गाव, तिची बोली आणि तिने पाहिलेला आठवडी बाजार यांचं मोल पदवीइतकंच आहे.

लाखेंना 1913 मध्ये बँक काढावीशी वाटली, ती बहुधा कर्जदाराच्या घरची वाट त्यांना ठाऊक होती म्हणून. आजच्या कार्यालयात तीच वाट पाचजणांनी मिळून शोधावी लागते. गिरणीवाला पुन्हा गाठोडं घेऊन येईल तेव्हा कोणीतरी कराराचं कलम काढेल, कोणी खातं तपासेल, कोणी हरवलेल्या पावतीसाठी गोदामात फोन लावेल. पण त्याआधी कोणाच्या तरी तोंडून तो प्रश्न यायला हवा: अरवा की उसना?