भाड्याची जीप आणि उसाची ट्रॉली

थंडीत भाड्याची जीप घेऊन भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी पाहायला मुलाबाळांसह जरूर जा. मात्र किल्ली घेण्यापूर्वी नंबराची पाटी पाहा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी असते व अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतल्यास अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात.

थंडी म्हणजे बारामती-इंदापूर भागात गाळपाचे दिवस. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या धुक्यात जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. उजाडल्यावरच निघा. धुके असेल तर दिवे डिपरवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो.

आणि आपली ट्रॉली असेल, तर मागे लाल रिफ्लेक्टर आजच लावा. मागून येणाऱ्या गाडीतही कोणाची तरी लेकरे असतात.